मल्चिंग पेपर, तापीची वाळू आणि समुद्र

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

८ जूनला समुद्र दिवस असतो, त्या निमित्तानं तुमच्या पेपरात अर्धं पान आलं होतं, कोकणातली कासवं, मुंबईच्या किनाऱ्यावरचा कचरा, कोळीवाड्यांचे हाल, फोटो पण छान होते. आमच्याकडे ते पान पारावर वाचलं गेलं आणि मग त्याच्यावरच शेव-मुरमुरे ठेवून खाल्ले, ते जाऊ द्या. पण मी वाचत बसलो होतो तर शेजारचे आबा म्हणाले, "भो, तुले काय करनं शे समुद्रनं? आपला आठे कोठे शे समुद्र?" सगळे हसले, मी पण हसलो. खरंच आहे ना, शिरपूर तालुक्यातल्या माणसानं समुद्र बघायचा म्हणजे लग्नकार्याला मुंबईला नाहीतर सुरतला जाणं होईल तेव्हाच. पण घरी आलो तरी आबांचा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि मी दिलं नाही. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. लांब झालंय, कापायचं तर कापा, फक्त मल्चिंगचा, म्हणजे शेतातल्या प्लॅस्टिकचा भाग कापू नका.

शाळेत भूगोलाला आम्ही दोन आकडे पाठ केले होते, महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किलोमीटर आणि तापीची लांबी ७२४ किलोमीटर. किनारपट्टीची हल्ली नव्यानं मोजणी झाली, खाड्या नि वळणं बारकाईनं धरली तर आकडा वाढला, पण आमच्या पिढीच्या डोक्यात ७२० च बसलेलं आहे. म्हणजे बघा, आपली एकटी नदी आख्ख्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याएवढी लांब. आणि गोदावरीवाले, कृष्णावाले म्हणू शकतात की आमचं पाणी तिकडे लांब बंगालच्या उपसागरात जातं, आपल्याला तशी पळवाट नाही. मुलताईहून निघालेली तापी भुसावळ, चोपडा, शिरपूर, सारंगखेडा, प्रकाशा करत सुरतच्या पुढे सरळ अरबी समुद्रात, त्याच समुद्रात जिथं पालघरचा नि वसईचा कोळी जाळं टाकतो. वाटेत पूर्णा, वाघूर, गिरणा, अनेर, बोरी, गोमाई सगळ्या तिला मिळतात. धुळे शहराच्या मधून जाणारी पांझरा मुडावदजवळ कपिलेश्वराला तापीत उतरते, तेव्हा धुळ्यात पुलावरून निर्माल्याची पिशवी गाठ मारून पांझरेत सोडणाऱ्या भाविकानं ती कपिलेश्वराला पोचली असं समजू नये, ती पुढे जाते.

गेल्या दिवाळीत सुरतला बहिणीकडे गेलो होतो. उधन्याला राहते ती, तिकडे अर्धा खानदेशच आहे, भाजीवाल्याशी अहिराणीत भाव करता येतो. भाऊबीज झाल्यावर पोरं डुमसच्या चौपाटीला चला म्हणून मागे लागली, गेलो. काळी वाळू, टमाट्याची भजी, उंटवाले, ओहोटी होती म्हणून पाणी लांब गेलेलं आणि मधे नुसता चिखल. भाच्यानं वाळूत अर्धं गाडलेलं काहीतरी निळं ओढून काढलं, मला म्हणे मामा हे कापड बघ. मी हातात घेतलं तर ती केळीच्या घडाला घालतो ती पिशवी, वरच्या तोंडाला सुतळीची गाठ तशीच. आता गुजरातेत पण केळी होते, कामरेज बाजूची असेल, माझ्या शेतातली होती असं मी म्हणत नाही, तिच्यावर काही सातबारा लिहिलेला नव्हता. पण गावातलं माणूस परक्या स्टँडवर अचानक दिसावं तसं मला झालं. गाठ बघितली तर आपण मारतो तशीच, दोन वेढे आणि एक ओढ.

इथं कोणीतरी हुशार म्हणेल की अहो मधे हतनूर आहे, सुलवाड्याचं बॅरेज आहे, सारंगखेड्याचं आहे, प्रकाशाचं आहे, आणि खाली एवढं मोठं उकाई धरण १९७२ पासून उभं आहे, तुमची पिशवी तिथंच अडकणार. बरोबर आहे, बरंच अडकतं. पण दारं उघडली की जातं, २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्यानं सुरत कसं बुडालं ते आपल्यातल्या हजारो घरांनी फोनवर ऐकलंय. आणि जे धरणात राहतं ते काही विरघळत नाही, उन्हानं ठिसूळ होऊन त्याचे तुकडे होतात, तुकड्याचे अजून बारीक तुकडे होतात आणि ते पाण्याबरोबर चालायला लागतात. दुसरं म्हणजे उकाईचं मागचं पाणी कुठं आहे? आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात. त्या फुगवट्यात गावं बुडाली, आणि पाण्याच्या कडेला राहिलेली बरीच माणसं आता मासे धरून पोट भरतात. म्हणजे किनाऱ्यावरचा माणूस बघायला कोकणात जायची गरजच नाही, नवापूरच्या बाजूला गेलं तरी भेटेल, आणि त्याच्या जाळ्यात काय येतं ते त्यालाच विचारा.

शास्त्रज्ञ लोकांनी ह्याचा हिशोब बऱ्यापैकी मांडलेला आहे. २०१५ मध्ये सायन्स नावाच्या साप्ताहिकात एक अभ्यास आला, त्यात २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेलं प्लॅस्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असेल असा अंदाज होता. मग पुढची काही वर्षं सगळीकडे असंच सांगत होते की जगातल्या दहा-वीस मोठ्या नद्याच गुन्हेगार आहेत, गंगा, यांगत्से वगैरे. मग २०२१ मध्ये दुसरा अभ्यास आला, त्यानं ते गणितच फिरवलं. नद्यांतून जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ८० टक्के आणायला हजाराहून जास्त नद्या लागतात, आणि त्यात शहरातून वाहणाऱ्या छोट्या छोट्या नद्यांचा वाटा मोठा. म्हणजे एका गंगेकडे बोट दाखवून सुटता येत नाही, पांझरेसारख्या नद्यांचा पण नंबर लागतो. मला हे वाचून वाईट वाटलं आणि थोडं बरं पण वाटलं, कारण गंगा आपल्याच्यानं साफ होणार नाही, पण गावचा नाला होऊ शकतो.

आता मल्चिंग. शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, टरबूज, मिरची, पपई लावताना गादीवाफ्यावर जो चंदेरी-काळा कागद अंथरतात तो मल्चिंग पेपर. कागद फक्त नावाला, आहे ते प्लॅस्टिक, २५-३० मायक्रॉनचं. तण येत नाही, पाणी वाचतं, मी स्वतः वापरतो आणि वापरणार, उगाच साधू बनत नाही. पण पीक निघालं की तो कागद काढायचा असतो, तो अख्खा निघतच नाही. उन्हानं कडक झालेला असतो, ओढला की चिंधी हातात येते आणि उरलेला मातीत, मुळं गुंतलेली, माती चिकटलेली. बाया लावून गोळा केला तरी त्याचं करायचं काय? ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला दारात येऊन किलोवर घेतो, भाव करतो, त्यामुळे नळी तुम्हाला नाल्यात सहसा दिसणार नाही. मल्चिंग दाखवला की तो सायकलला टांग मारतो, म्हणतो माती कोण धुणार. केळीच्या पिशव्यांचं तेच, इंजेक्शनच्या कॅपा, औषधाच्या बाटल्या तेच. मग आम्ही काय करतो? बांधाला ढीग लावतो. जमलं तर पेटवतो, त्या धुरानं दोन दिवस घसा धरतो. नाही जमलं तर मृगाचा पहिला दणका आला की ढीग आपोआप साफ, बांधावरून चारीत, चारीतून नाल्यात, नाल्यातून तापीत. शेतकरी म्हणतो चला, स्वच्छ झालं.

मी एका ऑफिसात विचारायला गेलो होतो, नाव घेत नाही, की शेतातलं प्लॅस्टिक गोळा करायची काही सोय आहे का. तिथले साहेब चांगले बोलले, चहा पण पाजला, पण म्हणाले हा विषय आमच्या टेबलाचा नाही. दुसऱ्या टेबलावर गेलो तर तिथं घनकचरा होता आणि घनकचरा म्हणजे गावठाणातला, शेतातला नाही. २०२२ पासून नियम आहे की कंपन्यांनी आपल्या प्लॅस्टिकची जबाबदारी घ्यायची, गोळा करायचं, पण तो पॅकिंगच्या प्लॅस्टिकचा. वेफरचं पाकीट त्यात येतं, माझा मल्चिंग पेपर कशाचंच पॅकिंग नाही, तो मातीवर अंथरलेला. म्हणजे एका एकराला जेवढं प्लॅस्टिक मी अंथरतो तेवढ्यात आमच्या आळीची कितीतरी वर्षांची वेफरची पाकिटं होतील, आणि त्यालाच कुणी वाली नाही.

असं नाही की जगात कुठं जमलं नाही. ब्राझील देशात २००० साली कायदा केला, शेतकऱ्यानं औषधाचा रिकामा डबा तीन वेळा धुवून परत नेऊन द्यायचा, दुकानदारानं जागा द्यायची, कंपनीनं उचलून न्यायचा. तिघांच्या गळ्यात एकेक धोंडा. आज तिथं असे नव्वद टक्क्यांहून जास्त डबे परत येतात. फ्रान्समध्ये पण शेतातला प्लॅस्टिक कागद गोळा करायची अशीच व्यवस्था आहे. तिथला शेतकरी काही आपल्यापेक्षा जास्त संत नसणार, त्याला फक्त द्यायला जागा आहे. आपल्याकडे ज्या दुकानातून मल्चिंगचं बंडल घेतो त्याच दुकानात किंवा मार्केट यार्डात एका कोपऱ्यात जुना माल घेतला, बंडलमागे पन्नास-शंभर रुपये डिपॉझिट ठेवलं आणि परत आणला की दिलं, तर बाया काय, पोरं सुद्धा चिंध्या वेचून आणतील. सोडा वॉटरच्या बाटलीला डिपॉझिट होतं तेव्हा एक बाटली कुठं फेकलेली दिसायची का?

यंदा मी एक उद्योग केला. आमच्या शेताच्या खालून नाला जातो, त्याला मे अखेर शेडनेटचा जुना तुकडा आडवा बांधला, दोन बाभळींना तार, खाली दगड. अमेरिकेत बाल्टिमोरला नदीच्या तोंडाशी पाणचक्कीवर चालणारं एक यंत्र २०१४ पासून कचरा गोळा करतं, मोठाले डोळे लावलेत त्याला, लोक बघायला येतात, त्याचा व्हिडिओ बघून डोक्यात आलं. आपलं यंत्र बिनडोळ्याचं. पहिल्या पावसात रात्रभर झोप नाही की जाळी फाटते का, सकाळी जाऊन बघतो तर एका बाजूनं उपटून निघालेली पण निम्मी टिकली होती. त्यात जे आलं ते युरियाच्या गोण्यांत भरलं तर चार गोण्या झाल्या. सगळ्यात जास्त मल्चिंगच्या चिंध्या, मग गुटख्याच्या पुड्या, पाण्याचे पाऊच, केळीच्या पिशव्या, थर्माकोलच्या पत्रावळी कुणाच्या तरी हळदीच्या, एका पायाच्या सात चपला (दुसरा पाय कुठं जातो देव जाणे), आणि पीओपीच्या गणपतीचा एक हात, मोदक धरलेला. तो हात मी गोणीत टाकला नाही, बाभळीच्या बुंध्याशी ठेवलाय, त्याचं काय करावं अजून कळलं नाही. एवढाच एक नाला, एक पाऊस. असे नाले तापीला किती मिळतात ते जिल्ह्याच्या नकाशात बघा.

प्लॅस्टिक दिसतं तरी. वाळूचं कोणी बोलतच नाही. चेन्नईला राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्र आहे, त्यांनी १९९० ते २०१८ चा देशाचा किनारा उपग्रहावरून तपासला तर ३३.६ टक्के किनारा झिजतोय असं निघालं. किनारा झिजतो म्हणजे काय, तर लाटा वाळू नेतात आणि पूर्वी नदी ती भरून द्यायची, आता देत नाही. का देत नाही? एक तर धरणात गाळ-वाळू बसते. दुसरं तुम्हाला मला माहीत आहे, रात्री अकरानंतर तापीच्या आणि गिरणेच्या पात्रातून जे डंपर निघतात त्यांना विचारा. तापीची वाळू म्हणजे खानदेशात शब्द आहे, घर बांधलं आणि सांगितलं तापीची वाळू वापरली तर पाहुणा स्लॅबवर हात फिरवतो. माझ्या घराचा पण स्लॅब तिचाच. लाखो वर्षं नदीनं सातपुड्यातून दळून आणलेला तो माल समुद्राच्या कडेला जायचा होता, तो माझ्या डोक्यावर आहे, आणि तिकडे किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या ओट्यापर्यंत भरती येते. डंपर बंद झाले तरी उकाईच्या खाली ती वाळू लगेच जाणार नाही हे मलाही कळतं, पण निदान आपण तिकडच्या बातम्या वाचताना "निसर्गाचा कोप" असं म्हणायचं बंद करू.

त्यावर सरकार दगडाची भिंत बांधतं. भिंत बांधली की तिच्या मागचं गाव काही वर्षं वाचतं आणि शेजारचा किनारा जास्त झिजायला लागतो, हे आता सगळ्या इंजिनिअरांना माहीत आहे तरी निविदा भिंतीचीच निघते, कारण भिंत दिसते, फोटो निघतो. पुद्दुचेरीला १९८० च्या दशकात बंदराचे बांध घातले, वाळू अडली आणि शहरापुढची चौपाटी गेली, उरले नुसते धोंडे. तिथं चेन्नईच्या एनआयओटी या सरकारी समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या लोकांनी २०१८ च्या सुमारास पाण्याखाली पाचरीसारखा स्टीलचा बांध बसवला, वरून काही दिसत नाही, लाटेचा जोर मोडला आणि वाळू परत यायला लागली, तिथं आज लोक संध्याकाळी फिरतात. असं काम मला आवडतं, कमी बोलणारं. तसंच तिवराचं, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्याचा अभ्यास झाला, ज्या गावांपुढे तिवराचं जंगल जास्त रुंद होतं तिथं माणसं कमी मेली. शेताला वाऱ्यासाठी शेवरी लावतो ना आपण केळीच्या कडेनं, तेच तत्त्व. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये कांदळवनांसाठी, म्हणजे ह्याच तिवरांसाठी, वनखात्यात वेगळा कक्ष काढला, आणि डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे की कासव नाहीतर देवमाशासारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि कोळ्यानं जाळं कापून त्याला सोडलं तर त्याला २५ हजारापर्यंत भरपाई मिळते. ह्याला म्हणतात धोरण. आधी कोळ्याला दंडाची भीती घालायचे, आता त्याच्या जाळ्याची किंमत धरली तर तोच व्हिडिओ काढून सोडतो.

केरळात कोल्लमच्या मच्छीमारांनी २०१७ पासून अजून एक केलं, जाळ्यात माशाबरोबर येणारं प्लॅस्टिक परत पाण्यात न टाकता बोटीवर पिशवीत भरून बंदरावर आणायचं. तिथं बायका ते धुवून निवडतात, मशीनमध्ये बारीक करतात आणि ते रस्त्याच्या डांबरात जातं. आपल्या कचऱ्याची हमाली फुकट कोळ्यानं करायची हे खरं तर लाजिरवाणं आहे, पण केलं त्यांनी.

आमच्या बाजारात सुकी मासळी विकणारी एक मावशी बसते, सुकट, बोंबील, सोडे, तिच्या पाटीचा वास चार दुकानं आधीच येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. कळण्याची भाकरी, भाजलेला बोंबील आणि ठेचा, हे मी सांगायची गरज नाही. मागच्या बाजारी ती म्हणे, "भाऊ, बोंबील बारीक व्हई गया नी भाव व्हई गया डबल." तिला कारण माहीत नाही, तिला माल देणाऱ्याला पण नसेल. बोंबील डोल जाळ्यात धरतात. डोल म्हणजे समुद्रात खुंटाला बांधलेली मोठी पिशवी, तोंड उघडं, भरती-ओहोटीचं पाणी जे आणेल ते तिच्या पोटात. आता विचार करा, पाणी बोंबील आणेल तसंच चिंधी पण आणेल, माझ्या नाल्यातली जाळी आणि कोळ्याची डोल एकाच कामाला लागलेल्या, फक्त त्याला त्यात पोट भरायचं असतं. मासा निवडण्याआधी त्यानं प्लॅस्टिक निवडायचं. आणि बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातला की अवकाळी पाऊस येतो, आपला कापूस भिजतो तसा त्यांचा बोंबील भिजतो, त्याचा पंचनामा करायला कोण तलाठी जातो मला माहीत नाही.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातीच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवली, त्याहून लहान धरायचा नाही, विकायचा नाही, म्हणजे त्याला एकदा तरी अंडी घालायला मिळावी. चांगला नियम. पण बंदरावर पट्टी लावली तरी वाळवून पोत्यात भरून खानदेशात आलेल्या माशाला पट्टी कोण लावणार? आपणच, घेताना. मी आता मावशीकडे बोटाएवढा बोंबील घेत नाही. ती म्हणते तो खाणारं दुसरं गिऱ्हाईक आहे. असेल.

खताबद्दल थोडक्यात सांगतो नाहीतर आमचेच लोक मला मारतील. युरिया जास्त पडला की पावसात वाहून जातो, समुद्रात जाऊन शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासा पळतो नाहीतर मरतो. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाशी दर उन्हाळ्यात असा मेलेला पट्टा तयार होतो, कारण हजार-दीड हजार किलोमीटर वरती मक्याची शेतं. त्यांनी २००१ मध्ये ठरवलं की तो पट्टा ५,००० चौरस किलोमीटरच्या आत आणायचा, २०१५ ची मुदत होती, नाही झालं, आता २०३५ केली. एवढा पैसा, एवढी यंत्रणा असून. म्हणून हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण निदान तिथं मक्याचा शेतकरी आणि कोळंबीवाला एका हिशोबात धरलेत. आपल्याकडे मत्स्य खातं वेगळं, कृषी वेगळं, पाटबंधारे वेगळं, आणि तापी तीन राज्यांतून जाते म्हणून तिचे मायबाप अजून वेगळे.

आता आबांचं उत्तर. आपला आठे समुद्र कोठे शे? तर आबा, तो दर जूनला आपल्या डोक्यावर येतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्यात, आणि त्याला लागणारी वाफ अरबी समुद्र पुरवतो, तो तापलाय. त्याच संस्थेचा २०२१ चा अभ्यास सांगतो की १९८२ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. पूर्वी वादळ म्हणजे ओडिशा-आंध्रची बातमी. मग ३ जून २०२० ला निसर्ग नावाचं वादळ अलिबागजवळ आलं, पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते गुजरातला. निसर्गच्या रात्री मी घडाला लावलेले बांबू परत परत चाचपत बागेत फिरत होतो, कोकणातली माणसं त्याच दिवशी दुपारी घराचे पत्रे धरून बसली होती. दोघांची भीती एकाच पाण्यातून आलेली.

मला अजून एका गोष्टीची गंमत वाटते, राग म्हणा. देशानं २०२१ मध्ये खोल समुद्राच्या मोहिमेला ४,०७७ कोटी मंजूर केले, मत्स्य ६००० नावाची पाणबुडी बनतेय, तीन माणसं सहा हजार मीटर खोल उतरणार. उतरावं, मला अभिमान आहे, पोरांना दाखवतो मी ते. पण सहा हजार मीटर खोल जाणाऱ्या देशाला सहा फूट रुंद नाल्याला पावसाळ्याआधी जाळी बसवणं जमू नये? धुळ्यात पांझरेवर जिथं मोठे नाले उतरतात तिथं, शिरपूर, दोंडाईचा, शहादा, अमळनेरला, लोखंडी जाळी आणि ती रोज उपसणारी दोन माणसं. जाळी बसवून उपसली नाही तर पाणी तुंबून गावात शिरेल, हे पण लिहून ठेवा, नाहीतर उद्या जाळ्यांची निविदा निघेल आणि माणसांची निघणार नाही.

आणि आपल्या विद्यापीठातल्या, कॉलेजातल्या पोरांनी तापीवर उभं राहून मोजावं. नदीतलं प्लॅस्टिक मोजायची जगभर चालणारी पद्धत अगदी साधी आहे, पुलावर उभं राहायचं, खालचा ठरावीक रुंदीचा पट्टा धरायचा आणि ठरावीक मिनिटांत किती तुकडे गेले ते लिहायचं. दर आठवड्याला, त्याच जागी. यंत्र लागत नाही, ग्रँट लागत नाही. भुसावळ, सावळदे, सारंगखेडा, प्रकाशा अशा चार पुलांवर एक पावसाळा मोजलं तरी तापी कुठं किती उचलते ते कळेल, मग कुणाच्या टेबलाचा विषय आहे ते आपोआप कळेल.

मी आणि गावातली दोन पोरं आम्ही सुरू करतोय. सावळद्याचा पूल पांझरा मिळाल्यानंतरचा आहे, म्हणून जागा बरी, पण हायवेचा आहे, ट्रक अंगावर येतात, म्हणून आम्ही गिधाड्याचा पूल धरलाय. दर रविवारी सकाळी आठ ते नऊ, पाणी आलं की. ज्याला यायचं त्यानं यावं, वही-पेन आमच्याकडे आहे, छत्री आपापली आणा, आणि कठड्याला टेकू नका.

आपला,
एक केळी-पपईवाला शेतकरी,
ता. शिरपूर, जि. धुळे